डॉक्टरांबरोबर संशोधन कसं करावं: एका बायोस्टॅटिस्टिशियनची वही

“मॅडम, छोटंसंच काम आहे. फक्त पी-व्हॅल्यू काढून द्यायची. परवा पेपर पाठवायचाय.”

मी बायोस्टॅटिस्टिशियन, म्हणजे वैद्यकीय संशोधनातली संख्याशास्त्रज्ञ. तेवीस वर्षांत हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता राग येत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मात्र मी खरोखरच दहा मिनिटांत पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढून दिली होती. नवी नोकरी, समोर विभागप्रमुख, आणि आपल्याला येतं हे दाखवायची घाई. शस्त्रक्रियेच्या जुन्या आणि नव्या पद्धतीची तुलना करणारा तो पेपर छापूनही आला. दोन वर्षांनी एका परिषदेत कुणीतरी उठून विचारलं, कोणत्या रुग्णाची शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने करायची हे ठरवलं कुणी? उत्तर असं होतं की केस अवघड वाटली की सर जुन्याच पद्धतीने करायचे. म्हणजे नव्या पद्धतीच्या वाट्याला सोपे रुग्ण आले होते आणि तिचे निकाल चांगले दिसले होते. मला हे माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून एक वही ठेवते. डाव्या पानावर डॉक्टर आल्या आल्या जे विचारतात ते, त्यांच्याच शब्दांत. उजव्या पानावर बोलून बोलून शेवटी जो प्रश्न ठरतो तो. दोन्ही पानांवर एकच मजकूर आहे असं आजवर चार-पाच वेळाच झालंय. तुम्ही नवे संख्याशास्त्रज्ञ मॉडेलं आणि सूत्रं शिकून आला आहात, ती मी पुन्हा सांगत बसणार नाही. डाव्या पानावरून उजव्या पानावर कसं जायचं आणि तिथून पुढे काम कसं निभवायचं, तेवढं सांगते.

पहिली भेट त्यांच्या जागेत

डॉक्टरांना तुमच्या टेबलापाशी बोलावू नका, तुम्ही ओपीडीत किंवा वॉर्डात जा. तासभर मागून घ्या, चाळीस मिनिटं मिळतील. फाइल आणली असेल तर “नंतर बघू” म्हणून बाजूला ठेवा. एकदा का एक्सेल उघडलं की बोलणं रकान्यांवर जातं आणि रुग्ण बाजूला राहतो.

मग माझा ठरलेला प्रश्न: “काय करावं ते कळेना, असा तुमचा अलीकडचा रुग्ण कोणता?”

एक बालरोगतज्ज्ञ आले होते. डाव्या पानावर लिहिलंय: ‘सीआरपी आणि न्यूमोनिया यांचं कोरिलेशन बघायचंय.’ (सीआरपी म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची चाचणी; कोरिलेशन म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वाढतात-घटतात त्याचं माप.) मी वरचा प्रश्न विचारला. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “परवाच्या रात्री दोन वाजता एक दीड वर्षाचं मूल आलं होतं. खोकला, श्वास जोरात. एक्स-रे बघून काही ठरवता येईना. घरी पाठवावं की ठेवून घ्यावं, तेच कळेना.”

“मग काय केलंत?”

“ठेवून घेतलं. सकाळी खेळत होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मात्र असंच एक घरी पाठवलं, ते दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनवर आलं.”

“म्हणजे रात्री दोन वाजता, तपासून झाल्यावर, रक्ताच्या त्या चाचणीने तुम्हाला जास्तीचं काही कळेल का, हे हवंय?”

“हो. हेच तर म्हणतोय मी.”

ते हे म्हणत नव्हते, पण तो वाद घालायची गरज नसते. उजव्या पानावर असं उतरलं: दोन महिने ते पाच वर्षं वयाची, खोकला आणि जोरात श्वास घेऊन आलेली मुलं; आल्या वेळचा सीआरपी; डॉक्टरांच्या तपासणीतून जे कळतं त्यावर त्याची काही भर पडते का; आणि ठरवायचं काय, तर ४८ तासांत ऑक्सिजन लागेल की नाही. आता कोरिलेशन गेलं आणि अंदाज वर्तवण्याचा प्रश्न आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी आणलेली फाइल निकामी ठरली. तिच्यात फक्त भरती झालेली मुलं होती. घरी पाठवलेली मुलंच नसतील, तर कुणाला घरी पाठवणं सुरक्षित आहे हे त्या फाइलमधून कसं कळणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

थोर संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३८ साली भारतीय सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात म्हटलं होतं, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेक वेळा त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणं. प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल. आपल्या पेशातले लोक हे वाक्य फार आवडीने ऐकवतात. पहिल्या भेटीत ते चुकूनही बोलू नका. दोन वर्षं राबून गोळा केलेल्या माहितीला प्रेत म्हटलेलं कुणालाही आवडत नाही. त्या बालरोगतज्ज्ञांना मी एवढंच म्हणाले, की या फाइलवरून आपल्याला पुढच्या अभ्यासासाठी किती मुलं लागतील याचा अंदाज येईल. ते खरंही होतं.

भेटीत आणखी चार गोष्टी मी विचारतेच. तुलना कुणाशी? उपचार कुणी आणि कशावरून ठरवला? निकाल कोण मोजणार, आणि मोजताना त्याला रुग्णाचा गट माहीत असेल का? आणि शेवटची: उत्तर ‘हो’ आलं तर उद्यापासून तुम्ही काय वेगळं कराल, आणि ‘नाही’ आलं तर? दोन्हींचं उत्तर “तसं काही नाही” असेल तर वही मिटा आणि मोकळ्या गप्पा मारा. खरा प्रश्न अजून यायचाय.

मोजायचं काय

इथे थोडं रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त अभ्यास इथे वाया जाताना पाहिलेत. डॉक्टर सहसा जे मोजायला सोपं असतं ते सुचवतात: रक्तातली पातळी, स्कॅनवरचा आकार. रुग्णाला हवं असतं जगणं, चालता येणं, पुन्हा भरती न होणं. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येईल असं वाटतं आणि तिथेच गफलत होते.

तरुण डॉक्टरांना मी नेहमी कास्ट नावाच्या औषध-चाचणीची गोष्ट सांगते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांच्या हृदयात जादा, अवेळी ठोके पडत, ते अचानक दगावण्याचा धोका जास्त असे. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके दाबत. ईसीजीवर फरक डोळ्यांना दिसे. मग जीवही वाचत असणार, असं धरून औषधं दिली जात होती. रीतसर चाचणी केली, तीही ज्यांचे ठोके औषधाने खरोखर दबले होते अशाच रुग्णांवर. १९८९ साली प्राथमिक निकाल आला: औषध घेणाऱ्या ७३० पैकी ५६ जण दगावले आणि औषधासारखी दिसणारी बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. ईसीजी सुधारला होता आणि माणसं जास्त मरत होती. त्या औषधांचा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला.

ही गोष्ट ऐकल्यावर “मग आपण मृत्यूच मोजू” असं म्हणणारेही असतात. साठ रुग्णांच्या अभ्यासात मृत्यू मोजून हाती काही लागत नाही. मधला मार्ग रोगागणिक वेगळा असतो. तो शोधायला तो रोग थोडा तरी समजून घ्यावा लागतो. महिन्यातून एक सकाळ ओपीडीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसा. सहा महिन्यांत तुम्हाला कुठलंही पुस्तक शिकवणार नाही इतकं कळेल.

“सँपल साइज किती?”

हा प्रश्न, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे, फोनवर येतो आणि फोनवरच उत्तर हवं असतं. मी उलट विचारते: “किती फरक पडला तर तुम्ही उपचार बदलाल?”

समजा जुन्या उपचाराने १०० पैकी ३० जणांना गुंतागुंत होते. नव्याने ती २० वर आली तर पद्धत बदलू, असं डॉक्टर म्हणतात. नेहमीचे आकडे धरले, म्हणजे ५ टक्के पातळी (फरक नसताना तो आहे म्हणण्याची चूक) आणि ८० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता), तर प्रत्येक गटात २९४ रुग्ण लागतात. “पण ३० ची २५ झाली तरी मी बदलेन,” असं म्हणाले तर प्रत्येक गटात साडेबाराशे. फरक निम्मा झाला की रुग्ण चौपट. हे कागदावर त्यांच्यासमोर मांडायचं, पेन त्यांच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं.

मग खरं बोलणं सुरू होतं. “आमच्याकडे वर्षाला साठच रुग्ण येतात.” ठीक आहे, मग काय काय करता येईल? दुसरी दोन-तीन केंद्रं सोबत घेता येतील. हो-नाही असा निकाल सोडून मोजपट्टीवरचा निकाल घेता येईल: किती दिवस राहिले, किती मीटर चालले. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप; सरासरीतला फरक त्याच्या निम्म्याएवढा असेल तर गटात ६४ रुग्ण पुरतात. १६ ला प्रमाण विचलनात मोजलेल्या त्या फरकाच्या वर्गाने भागायचं, हा तोंडी हिशोब पाठ करून ठेवा. कॉरिडॉरमध्ये गाठून विचारणाऱ्यांसाठी उपयोगी पडतो. किंवा सरळ मान्य करायचं, की ही पूर्वतयारीची छोटी चाचणी आहे, आणि तिला तसंच नाव द्यायचं.

एक गोष्ट करायची नाही. “शंभरात बसेल असा फरक लिहा ना,” असं कुणी म्हणालं तर उलट्या बाजूने गणित करून द्यायचं नाही. नव्या माणसाला हे नाकारणं जड जातं. मी असं म्हणते: “शंभर रुग्णांत केवढा फरक दिसू शकतो ते मी काढून देते. तेवढा फरक या औषधाने पडेल असं तुम्हाला मनापासून वाटतं का, ते तुम्ही सांगा.” आकडा पाहून बहुतेक जण स्वतःच हसतात.

गळतीचा हिशोब करताना एक बारकी चूक सगळे करतात. १० टक्के रुग्ण सुटतील म्हणून २९४ ला १.१ ने गुणतात आणि ३२४ लिहितात. ०.९ ने भागायचं असतं: ३२७. आणि रुग्णाऐवजी अख्खा वॉर्ड किंवा दवाखाना एका गटात टाकणार असाल तर आकडा झपाट्याने फुगतो. एका वॉर्डातले रुग्ण एकमेकांसारखे असतात. हे साधर्म्य शून्य ते एकच्या मापावर नुसतं ०.०५ असलं आणि वॉर्डात २० रुग्ण असले, तरी लागणारी संख्या १.९५ पट होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

छोटे अभ्यास नेहमी वाईटच, असं मात्र मनात धरू नका. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत, जिचा निकाल १९४८ साली आला, फक्त १०७ रुग्ण होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले आणि नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. फरकच एवढा मोठा होता. ब्रिटनमध्ये औषध सगळ्यांना पुरण्याइतकं नव्हतंच, त्यामुळे कुणाला द्यायचं हे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, आकड्यांवर सोडणं न्याय्यही ठरलं. गट लिहिलेल्या चिठ्ठ्या बंद पाकिटांत ठेवल्या होत्या, म्हणजे भरती करणाऱ्या डॉक्टरलाही पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधी कळत नसे. त्यामागे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल होते. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं, पण तरुणपणी क्षयानेच गाठलं आणि ते राहून गेलं. पदवी घेतली अर्थशास्त्रात. “तू काही डॉक्टर नाहीस” असं कुणी ऐकवलं की मला हिल आठवतात.

एक्सेलची शिस्त

पहिला रुग्ण घ्यायच्या आधीच कोरा तक्ता तुम्ही बनवून द्या. डॉक्टरांनी बनवलेला तक्ता म्हणजे पिवळा रंग गंभीर रुग्णांना, लाल रंग दगावलेल्यांना, आणि ‘१२०/८०, नंतर वाढला’ एकाच चौकटीत. एका ओळीत एक रुग्ण, एका रकान्यात एकच गोष्ट, रंगांना अर्थ नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने. सोबत एक वेगळं पान, ज्यावर प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि कोड लिहिलेले.

माहिती नसेल तर चौकट रिकामी सोडायची आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं. ९९९ लिहायचं नाही. एकदा दोनशे बाळंतिणींचं सरासरी वय ५० आलं होतं. पाच जणींच्या वयाच्या चौकटीत ९९९ होतं, बाकीच्यांची सरासरी २६. वय होतं म्हणून डोळ्यांत भरलं. तेच एखाद्या एन्झाइमच्या रकान्यात असतं तर खपून गेलं असतं.

फाइल आली की मॉडेल चालवायच्या आधी दोन दिवस नुसतं बघण्यात घालवा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ताची चाचणी) काही ठिकाणी १ च्या आसपास आणि काही ठिकाणी ९० च्या आसपास दिसलं तर घाबरू नका. दोन प्रयोगशाळांची एककं वेगळी आहेत, एकातून दुसऱ्यात जायला ८८.४ ने गुणतात. रक्तदाबाचे फक्त शेवटचे अंक मोजून बघा. हाताने मोजलेल्या दाबात शून्यांचा ढीग दिसतो, १३०, १४०, १५०. सगळीकडे शून्यच असेल तर मोजणाऱ्याने अंदाजे लिहिलंय, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या फरकावर पेपर लिहायचा बेत सोडून द्यायचा.

एक्सेलच्या करामती तर संपत नाहीत. सेप्ट-२ किंवा मार्च-१ अशा नावाची जनुकं ते परस्पर तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल तेव्हा काही बदललं नाही; तारखा करणं बंद करायची सोय त्यात २०२३ साली आली. आणि कीथ बॅगर्ली व केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी कर्करोगाच्या औषधांबद्दलचे गाजलेले निकाल पुन्हा तपासले तेव्हा त्यांना काय सापडलं, तर जनुकांच्या यादीत नावं एका ओळीने सरकलेली. त्यांचा तो पेपर २००९ सालचा आहे. अवघड गणित नाही, एक ओळ खाली.

माझी चूकही सांगते. तीन केंद्रांचा अभ्यास होता. दोन केंद्रांनी मृत्यूला १ लिहिलं होतं, तिसऱ्याने ०. मी कोडचं पान मागितलं नव्हतं, सगळीकडे १ म्हणजे मृत्यू असं धरून चालले. निकाल विचित्र होता, पण विचित्र निकालालाही कारणं सुचतातच. मी दोन परिच्छेद लिहूनही टाकले होते. पेपर पाठवायच्या तीन दिवस आधी तिसऱ्या केंद्रातल्या सिस्टर सहज म्हणाल्या, “आमच्याकडे एवढे गेले? रजिस्टरमध्ये तर अकराच आहेत.” त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना फोन करून चूक माझी आहे असं सांगितलं. पोटात गोळा आला होता. पण त्या तिघांपैकी दोघं अजून माझ्याबरोबर काम करतात.

तेव्हापासून नियम: कुठल्याही अभ्यासात यादृच्छिक निवडलेल्या दहा रुग्णांचे मूळ कागद मागवायचे आणि तक्त्याशी स्वतः ताडून बघायचे. शेजारी बसून वाचून दाखवायला कुणीतरी घ्या. अर्धा दिवस जातो.

आधी कागदावर

विश्लेषण कसं करणार हे माहिती हाती यायच्या आधी लिहून, तारीख घालून, सगळ्यांना पाठवून ठेवा. दोन-तीन पानं पुरतात: मुख्य निकाल एकच, कोणते उपगट बघणार, माहिती नसलेल्या रुग्णांचं काय करणार. उपचाराची चाचणी असेल तर तिची सार्वजनिक नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी. मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून ही अट घातलेली आहे.

डॉक्टर ही पानं वाचत नाहीत. म्हणून मी रिकामे तक्ते बनवते. पेपरमध्ये येतील तसेच तक्ते, शीर्षकांसकट, फक्त आकडे नाहीत. ते समोर ठेवून म्हणते, “तुमच्या अंदाजाने भरा.” सूत्र पाहून मान डोलावणारा माणूस रिकामा तक्ता पाहून लगेच बोलायला लागतो: अरे, यात मधुमेही वेगळे नाहीत, हे वय असं तोडून चालणार नाही. अभ्यासाआधी हे भांडण होऊन गेलेलं बरं.

उपगटांचा मोह मात्र शेवटपर्यंत सुटत नाही. मुख्य निकाल हवा तसा आला नाही की, “बायकांमध्ये बघा ना, साठच्या वरच्यांत बघा ना.” तेव्हा आयसिस-२ कामी येते. १९८८ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी, हृदयविकाराचा झटका आलेले १७,१८७ रुग्ण. अ‍ॅस्पिरिनने मृत्यू स्पष्ट कमी झाले. संशोधकांनी उपगटांवरचा आंधळा विश्वास किती घातक ते दाखवायला राशींप्रमाणे वाटणी करून छापली: मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही, उलट किंचित अपायच. हे ऐकून खोलीत हशा पिकतो, आणि त्यानंतर “साठच्या वरच्यांत बघा” म्हणणारा आवाज जरा खाली येतो. कायमचा बंद होत नाही.

निकाल सांगताना

‘सिग्निफिकंट’ (पी-व्हॅल्यू ठरलेल्या पातळीखाली आली) हा शब्द मी डॉक्टरांशी बोलताना वापरतच नाही. शंभर रुग्णांच्या भाषेत बोलते. समजा प्रत्येकी साठ रुग्ण होते, जुन्या पद्धतीत १५ टक्के गुंतागुंत, नव्या पद्धतीत १०. पी-व्हॅल्यू ०.४ च्या आसपास. डॉक्टर लिहून मोकळे होतात: ‘दोन्ही पद्धती सारख्याच.’ मी सांगते, या आकड्यांत एवढंच बसतं की शंभर रुग्णांमागे नवी पद्धत १७ जणांची गुंतागुंत टाळत असेल, किंवा ७ जणांची वाढवत असेल. यातलं कुठलंही खरं असू शकतं. याला सारखं म्हणणार का? फरक नसणं वेगळं आणि फरक सापडला नसणं वेगळं.

दुसरा नेहमीचा प्रसंग: “तीस रुग्ण केले, एकालाही त्रास नाही. शंभर टक्के सुरक्षित.” ३ ला रुग्णांच्या संख्येने भागा. तीन भागिले तीस, म्हणजे खरा धोका १० टक्क्यांपर्यंत असला तरी तीसच्या तीस रुग्ण सुखरूप राहू शकतात. हा एवढा हिशोब शिकवल्याबद्दल एका शल्यविशारदांनी मला वर्षभराने फोन केला होता. त्यांच्या एकेचाळिसाव्या रुग्णाला तो त्रास झाला होता.

नाव, नकार, आणि स्वतःचं काम

पेपरवर नाव कुणाचं, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. शेवटी बोललं तर कटकट होते. वैद्यकीय संपादकांच्या समितीचे चार निकष आहेत: कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही पाहिजेत. अभ्यासाची आखणी आणि विश्लेषण तुम्ही केलं असेल तर पहिला निकष पूर्ण झालाच. बाकीच्यांसाठी मसुदा वाचायला मागा, न मागता मिळणार नाही. शेवटच्या ओळीतल्या आभारांवर बोळवण करून घेऊ नका. आणि ज्याच्यावर नाव आहे ते निष्कर्षापर्यंत अख्खं वाचा. माझ्या नावाच्या एका पेपरमध्ये ‘संबंध आढळला’चं ‘मुळे होतो’ झालेलं मला छापून आल्यावर दिसलं होतं.

कामं किती घ्यायची? पहिल्या वर्षी मी एकोणीस घेतली होती आणि एकही धड झालं नाही. आता एका वेळी सहा. निवडताना विषय बघत नाही; जो डॉक्टर मला वॉर्डात येऊ देतो, माझ्या प्रश्नावर चिडत नाही आणि “मला माहीत नाही” म्हणू शकतो, त्याचं घेते. बाकीच्यांना आठवड्यातल्या एका दुपारी अर्धा तास सल्ला, बस. नकार देताना काय करणार नाही हे सांगत बसू नका, काय करून देता येईल ते सांगा.

सल्ले देण्यातच सगळा वेळ गेला तर स्वतःचं संशोधन राहून जातं, ही या पेशातली खरी अडचण आहे. माझ्यापुरता उपाय वहीतच सापडला. दर सहा महिन्यांनी ती चाळते. एकच डोकेदुखी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या पानांवर दिसली, की तो आपला विषय. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांचं उदाहरण बघा. दोन उपकरणं एकमेकांशी जुळतात का, यासाठी जो तो कोरिलेशन काढत होता. पण एक उपकरण सतत दहाने जास्त दाखवत असलं तरी कोरिलेशन उत्तम येतं. त्यांनी साधा उपाय सुचवला: दोन मापांमधला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडा आणि बघा. डॉक्टरांसाठी लिहिलेला त्यांचा लेख १९८६ साली आला आणि ती आकृती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मूळ प्रश्न डाव्या पानावरचाच होता.

विश्लेषणाचा संगणकी कोड पहिल्या ओळीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत एका दमात चालेल असा ठेवा. नियतकालिकाने नेमलेल्या परीक्षकांचे शेरे आठ महिन्यांनी येतात आणि तोवर ‘फायनल_२’ आणि ‘फायनल_नवीन’ यांतलं खरं कोणतं हे तुम्हालाही आठवत नाही. परीक्षकाने “आता पॉवर काढून दाखवा” असं लिहिलं तर काढू नका. निकाल हाती आल्यावर काढलेली पॉवर म्हणजे पी-व्हॅल्यूच, वेगळे कपडे घातलेली. विश्वासमर्यादा (खरा फरक जिथपासून जिथपर्यंत असू शकतो तो पल्ला) दाखवा आणि नम्रपणे तसं लिहा.

वहीतलं शेवटचं पान गेल्या आठवड्याचं आहे. मृत्यूंचा आकडा पकडणाऱ्या त्याच सिस्टर आल्या होत्या, आता त्या मेट्रन आहेत. डावीकडे लिहिलंय: ‘रात्री पेशंट पडतात. त्याचं काही स्टॅटिस्टिक्स काढता येईल का?’ उजवं पान अजून कोरं आहे. वर कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त तीन ओळी: पडणं म्हणजे पलंगावरून की चालताना? कुणी पाहिलं नाही तर नोंद होते का? बाथरूमचा दिवा रात्रभर चालू असतो का? मंगळवारी त्यांच्याबरोबर रात्रपाळीला जाणार आहे.